मोहोळकरांची पिशवी

पिशवी उचलली आणि माझा तळहात फाटला.

आधी कळलंच नाही. काळी पिशवी, तोंडाला घट्ट गाठ. बाहेरून चहाचा चोथा आणि भाजीची देठं हाताला लागत होती. गाडीत टाकायला मी तिला झोका दिला, आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत काहीतरी गार सरकल्यासारखं वाटलं. मग काळ्या प्लॅस्टिकवरून लाल ओघळ खाली आला.

"हुसेनभाई, गाणं बंद कर!"

घंटागाडीच्या भोंग्यावर ओला-सुका कचऱ्याचं गाणं चालू होतं. हुसेन तांबोळी गाडी चालवायचा आणि मी मागे उभी राहून कचरा घ्यायचे. चार वर्षांची जोडी आमची. त्याने आरशात बघितलं आणि दार उघडंच टाकून धावत आला.

"या अल्ला. मंदा, केवढं रक्त!"

"रक्त राहू दे. आज ह्यांना दाखवतेच मी."

मी ती पिशवी घेऊन मोहोळकरांच्या फाटकातून आत शिरले, चार पायऱ्या चढले आणि त्यांच्या पांढऱ्या फरशीवर पिशवी टराटरा फाडली. चोथा, कांद्याची टरफलं, दुधाच्या पिशव्या, औषधाची रिकामी पाकिटं, रक्ताने भिजलेला कापूस, फुटक्या बांगड्या आणि काचेच्या ग्लासाचे तुकडे. सगळं एकत्र कालवलेलं.

"बाहेर या! कोण आहे घरात? आम्ही काय जनावरं आहोत का? काच अशी देतात? कागदात गुंडाळून वर 'काच' लिहायचं, एवढं पण वाचता येत नाही?"

माझा आवाज तेव्हा तसाच होता. नगरपालिकेने त्या जानेवारीपासून नियम काढला होता. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. काच आणि पॅड वेगळे, कागदात गुंडाळून, वर खूण करून. मिसळलेला कचरा घ्यायचा नाही, परत द्यायचा. तिसऱ्या वेळेला नोटीस. घरोघर पत्रकं वाटली होती, पण पत्रकं लोक वाचत नाहीत. लोक माझं तोंड वाचायचे. एका किराणावाल्याने मला शिवी दिली, तर त्याचीच पिशवी मी त्याच्या तांदळाच्या पोत्यावर उलटी केली होती. त्यानंतर अख्ख्या रेणुकानगरात दोन बादल्यांशिवाय कुणी फाटकात उभं राहत नव्हतं. मुकादम म्हणायचा, "मंदाकिनी रणपिसे म्हणजे एकटी दहा निरीक्षकांना भारी." मला ते आवडायचं.

दार उघडलं. सतीश मोहोळकर बाहेर आले. बाजारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. आता हा भांडणार म्हणून मी पदर खोचला. पण त्यांनी माझा हात बघितला आणि त्यांचा चेहराच पडला.

"अरेरे! ताई, बसा. खाली बसा आधी." आत वळून म्हणाले, "वृषाली, पाणी आण." पाणी त्यांनी स्वतः माझ्या हातावर ओतलं, खिशातला धुतलेला रुमाल काढून बांधला. "माफ करा. चूक आमचीच आहे. सांगतो मी तिला."

बायको दारात तांब्या घेऊन उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फरशीवरच्या कचऱ्याकडे बघत राहिली. नंतर गुडघ्यांवर बसून हातांनी तो गोळा करायला लागली.

मोहोळकरांनी मला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. कचरेवाल्या बाईला कुणी स्कूटरवर बसवत नाही, मला ते ठाऊक होतं. सहा टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके घालेपर्यंत ते बाकावर बसून राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मंदाताई, एक सांगू? तुम्ही करता ते बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. आमच्या हिला शिस्त नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण घर कसं ठेवायचं ते अजून कळत नाही. तुम्ही तिला सोडू नका. पुन्हा असं केलं तर तिला नका बोलू, ती ऐकणार नाही. मला सांगा."

"सांगते साहेब," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं.

चार दिवस सुट्टी घेऊन हाताला पट्टी बांधून मी परत गाडीवर चढले. पहिल्याच दिवशी मोहोळकरांची पिशवी मिसळलेली. साहेब फाटकातच स्कूटर पुसत होते. मी पिशवी उघडून दाखवली. त्यांनी मान हलवली. "बघा. काय करायचं हिला, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "साहेब, जरा धाक पाहिजे." ते हसले. "बरोबर बोललात."

हे वाक्य माझंच आहे. चौदा वर्षं झाली, पण ते मला दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता आलेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दोन दिवस कचरा नीट यायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी. साहेब दारात असायचेच, म्हणून मी नोटीस काढायला लावली नाही. मी सांगायचे. ते "आभारी आहे" म्हणायचे, एकदा तर चहा दिला, कपबशीतून. हुसेनभाई गाडीत बसून भोंग्याचं बटण चालू-बंद करायचा.

"मंदा, रोज त्याला काय सांगतेस? पिशवी परत कर आणि चल पुढे."

"तो माणूस स्वतःहून विचारतो. एवढ्या घरांत एक तरी विचारतं का?"

"म्हणून तर म्हणतो," हुसेनभाई म्हणाला. पण का ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.

शेजारच्या शिंगरेकाकूंनीही एकदा मला थांबवलं. त्यांच्या दोन बादल्या लखलखीत असायच्या. कचरा देता देता आवाज खाली आणून म्हणाल्या, "मंदा, त्या घराचं जरा सोडून दे बाई."

"का? नियम सगळ्यांना सारखा."

काकूंनी भिंतीपलीकडे बघितलं. "तसं नव्हे गं. जाऊ दे. आपल्याला काय करायचंय?" आणि फाटक लावून घेतलं.

मला वाटलं, शेजारीण म्हणून बाजू घेतायत.

वृषालीवहिनी कचरा द्यायला यायच्या तेव्हा कधी डोळ्यांवर मोठा काळा चष्मा असायचा, सकाळी साडेआठ वाजता. चष्म्याचं दुकान आहे, मिरवतायत, असं माझ्या मनात यायचं. एकदा डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली दिसली. "काय झालं?" मी विचारलं. "दारात सापडली." एकदा ओठ सुजलेला. "दाढ," त्या म्हणाल्या. मी तरी काय नवीन बघत होते? माझ्याच वस्तीत दर चार घरांआड रात्री भांडी आपटायची. पण तिथे आरडाओरडा व्हायचा, लोक जमायचे, बाई शिव्या घालायची. इथे फाटकाला जाईचा वेल होता आणि आत रेडिओवर अभंग लागलेले असायचे. मारझोड असली की आवाज येतो, असं मला वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी साहेब दारात नव्हते. वहिनी एकट्या आल्या. पिशवी माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ती घट्ट धरून ठेवली.

"ताई, एक विनंती होती. कचऱ्यात चूक निघाली तर मला बोला. काय वाटेल ते बोला. ह्यांना सांगू नका."

"तुम्हाला बोलून काय उपयोग? दीड महिना बोलतेय. हा हात बघा माझा."

"मी वेगळाच करते, ताई. देवाशपथ. हिरव्यात ओला, निळ्यात सुका. रोज करते."

"मग रात्रीत आपोआप मिसळतो का?"

त्यांनी मागे घराकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून गप्प बसल्या.

"वहिनी, एवढी शिकली-सवरलेली बाई तुम्ही," मी म्हटलं, "दोन बादल्या सांभाळता येत नाहीत, आणि वर खोटं बोलता?"

त्यांनी पिशवी सोडली. आत गेल्या. पिशवी मिसळलेलीच होती. संध्याकाळी घरी जाताना मी मुद्दाम बाजारपेठेतून वळसा घातला, दुकानाच्या काउंटरसमोर उभी राहिले आणि साहेबांना सांगितलं. एवढंच नाही, वहिनी काय म्हणाल्या तेही सांगितलं.

"असं म्हणाली?" मोहोळकर एका गिऱ्हाइकाची काच फडक्याने पुसत होते. पुसतच राहिले. "देवाशपथ म्हणाली?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत."

त्यानंतर सहा दिवस वहिनी दिसल्या नाहीत. ओल्या-सुक्याच्या दोन पिशव्या फाटकाला टांगलेल्या असायच्या, आणि कचरा नीट वेगळा केलेला असायचा. बघ, धाक बसला, असं मी हुसेनभाईला म्हटलेलं मला आठवतं.

सातव्या दिवशी रेणुकानगरच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खोदला होता. गाडी मोठा वळसा घेऊन येणार होती. वेळ वाचावा म्हणून मी शिट्टी घेऊन मागच्या बोळातून चालत पुढे निघाले, बायकांना बादल्या बाहेर काढायला सांगायला. त्या बोळाला मोहोळकरांच्या घराची मागची बाजू लागते. भिंत माझ्या छातीइतकीच उंच. आत मोरी, धुण्याचा दगड, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या दोन बादल्या, हिरवी आणि निळी.

मोहोळकर तिथे उकिडवे बसले होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

मी शिट्टी तोंडाला लावली होती. ती तशीच राहिली.

त्यांनी काळी पिशवी उघडी करून निळ्या बादलीतलं सगळं तिच्यात ओतलं. मग हिरवी बादली त्याच्यावर पालथी केली. दोन्ही बादल्या अगदी नीट वेगळ्या केलेल्या होत्या, मला लांबूनही दिसलं. झाडूच्या दांड्याने त्यांनी ते सगळं ढवळलं, कणीक मळावी तसं सावकाश. घाई नाही, किळस नाही. मग शेजारी ठेवलेला काचेचा ग्लास फडक्यात गुंडाळला, दगडावर ठेवला आणि वरवंट्याने एकदा दाबला. आवाज झालाच नाही. फडकं पिशवीत झटकलं, गाठ मारली. नळाखाली साबण लावून हात धुतले. एकेक बोट टॉवेलने पुसलं. लांबून आमच्या गाडीचं गाणं ऐकू आलं तशी त्यांनी मान वर केली आणि हाक मारली, "वृषाली, गाडी आली. पिशवी दे."

माझ्या तळहातावरची ती भरत आलेली जखम मला आतून ठणकायला लागली. सहा टाके घालताना हाच माणूस बाकावर बसून राहिला होता.

बोळातून समोरच्या रस्त्यावर मी कशी आले, आठवत नाही. गाडी फाटकासमोर लागली होती. वहिनी पिशवी घेऊन येत होत्या, एक पाय ओढत. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. मोहोळकर चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"काय मंदाताई, आज काय म्हणतोय आमचा कचरा?"

मी पिशवी खालून जपून धरली. काच टोचत होती. "चांगला आहे," मी म्हटलं. "वेगळा केलाय. एकदम व्यवस्थित."

वहिनींनी चटकन माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच.

"हो?" त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "उघडा बघू."

"कशाला साहेब? मी बघितला ना."

"उघडा म्हणतो ना." ते चालत आले, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पायऱ्यांवर फाडली. "हे वेगळं आहे? ताई, तुम्हीपण हिला सामील झालात? मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता."

"तुम्हीच मिसळला तो. मागे मोरीवर. मी बघितलं."

त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नाही, किंवा ऐकूनही काही वाटलं नाही. वहिनींचं मनगट धरून त्यांनी त्यांना खाली खेचलं, गुडघ्यांवर पाडलं आणि तो हात त्या कचऱ्यात, त्या काचेत दाबला. वरून दुसऱ्या हाताने दाब दिला.

"काढ. एकेक वेगळं काढ. ताई बघतायत. दाखव त्यांना तुला येतं ते."

चोथ्यातून रक्त वर आलं. वहिनी ओरडल्या नाहीत. ओठ आवळून, डोळे मिटून त्या बसून होत्या, एखादी गोष्ट कधी संपते हे पक्कं माहीत असलेल्या माणसासारख्या. त्या ओरडल्या असत्या, तर कदाचित मी नुसतं त्यांना ओढलं असतं.

गाडीच्या मागे आमचं दाताळं अडकवलेलं असायचं. कचरा ओढायचं लोखंडी हत्यार, लांब दांडा, पुढे चार दाते. मी ते काढलं आणि दात्यांच्या पाठच्या बाजूने त्याच्या खांद्यावर घातलं.

तो वळला. तोंडावर राग नव्हता, नवल होतं. कचरेवाली आपल्याला मारते हे त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याने माझे केस धरले. अंगाने सडपातळ दिसायचा, पण त्याच्या हातात काय ताकद होती! त्याने माझं डोकं फाटकाच्या लोखंडावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तोंडात खारट चव आली, आणि पुढचा दात जिभेवर सुटा झाला. तिसऱ्यांदा आपटायला त्याने मला मागे ओढलं, तेवढ्यात हुसेनभाईने त्याला मागून कवळलं. त्याने कोपर हाणून हुसेनभाईचं नाक फोडलं, पण केस सुटले.

मी दाताळं उचललं. पुढचा घाव त्याने हात आडवा घालून अडवला, आणि हाताचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो गुडघ्यावर आला. तिसरा जबड्यावर. तो पडला, पायऱ्यांवर, त्याच कचऱ्यात.

"मंदा, बास! मरेल तो!" हुसेनभाई ओरडत होता, नाकातून रक्त गाळत.

चौथा घाव मला थांबवता आला असता. तो पडला होता, त्याचा हात लोंबत होता, तो मला काही करू शकत नव्हता. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तरी मी घातला. त्याच्या बरगड्यांवर. पाचव्याला हुसेनभाईने माझ्या दोन्ही हातांसकट मला मिठी मारली आणि आम्ही दोघं रस्त्यावर कोसळलो.

गाणं चालूच होतं.

वरच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. खाली कुणी आलं नाही. शिंगरेकाकू फाटकाआड हातात फोन धरून उभ्या होत्या. वहिनी अजून पायरीवर बसलेल्या, तळहात मांडीवर उताणे ठेवून, त्यात रुतलेल्या काचा बघत. मग उठल्या. नवऱ्याकडे बघितलं नाही. दारात जाऊन पायात चप्पल घातली, दार ओढून घेतलं, आणि त्याला वळसा घालून गाडीपाशी आल्या.

"पुढे बसू का?" त्यांनी हुसेनभाईला विचारलं.

"बसा, बहेनजी," तो म्हणाला.

आम्ही त्याच गाडीने दवाखान्यात गेलो, आणि तिथून पोलीस ठाण्यात.

फौजदार माझ्याकडे आणि कागदाकडे आलटून-पालटून बघत होता. "कचऱ्यावरून माणूस मारलास?"

मी खूप सांगितलं. त्याने लिहून घेतलं ते दोन ओळींत. कचरा मिश्र असल्याच्या कारणावरून वाद होऊन आरोपीने फिर्यादीस गंभीर दुखापत केली. मी अकरा दिवस आत होते. ठेकेदाराने मला काढलं, हुसेनभाईलाही काढलं. मोहोळकर दीड महिना इस्पितळात होता. हाड जुळलं, जबडा थोडा वाकडा राहिला. रेणुकानगरातल्या सतरा जणांनी अर्जावर सह्या केल्या की तो सज्जन माणूस आहे आणि मी भांडकुदळ आहे. दुसरी गोष्ट तर खरीच होती.

वहिनींना तासगावहून भाऊ येऊन घेऊन गेला. तिथे दोन महिन्यांनी त्यालाच वाटायला लागलं की बहिणीने परत जावं, माणूस चुकतो, आता त्याचाही हात मोडलाय. वहिनी गेल्या नाहीत. बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या आणि वेगळी खोली घेतली. हे मला नंतर कळलं. तोवर आमची भेट झाली नव्हती. मी जायला पाहिजे होतं, पण गेले नाही. मी भंगाराच्या गोदामात प्लॅस्टिक निवडायचं काम करत होते आणि स्वतःला सांगायचे की एसटीला पैसे नाहीत.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. माझ्या वकिलाने मला पिंजऱ्यात उभं केलं. काय बघितलं ते मी सांगितलं. मग समोरचे वकील उठले.

"तुम्ही फिर्यादीकडे त्यांच्या पत्नीच्या तक्रारी करत होता, खरं आहे?"

"हो."

"स्वतःहून?"

"सुरुवातीला त्यांनी सांगितलं म्हणून. नंतर स्वतःहून."

"दुकानात जाऊनसुद्धा?"

"हो."

"एकूण किती वेळा?"

त्या तीन वर्षांत मी हे मोजलं होतं, अंथरुणावर पडल्या पडल्या. "अकरा वेळा."

"म्हणजे पत्नीचा छळ होतो असं तुम्ही म्हणता, त्यात तुम्हीच अकरा वेळा भर घातलीत. आणि आता तिच्या कैवारी?"

माझ्या वकिलाने हरकत घेतली. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या. बरोबर विचारतायत."

मोहोळकर पहिल्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, पूर्वी हलवायचा तशी, सहानुभूतीने.

दुसऱ्या तारखेला वृषालीवहिनी आल्या. वाटलं होतं त्यापेक्षा उंच होत्या, किंवा सरळ उभ्या राहिल्यामुळे तशा वाटल्या. त्यांनी सगळं सांगितलं, न रडता. बोटं कशी मोडली, गळ्याला काय झालं होतं, ते सहा दिवस त्या का दिसल्या नाहीत. कचरा तो रोज मिसळत नसे, असं त्या म्हणाल्या. दोन दिवस सोडायचा. मग तिसऱ्या दिवशी पहाटेपासूनच वहिनी बादल्या उघडून बघत राहायच्या, आज आहे की उद्या. आधी मारायला त्याला कारण शोधावं लागायचं, मीठ, इस्त्री, फोन. नियम आल्यापासून कारण रोज साडेआठला दारात यायचं, गाणं वाजवत.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही आधी कधी कुणाला सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

वहिनींनी हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. तळहातावर पांढरे वळ होते.

"ह्यांना. कचरा मी वेगळा करते म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी ऐकलं नाही. जाऊन त्याला सांगितलं."

कोर्टात कुणीतरी खोकलं. माझा वकील कागद चाळत राहिला. मला वाटलं, आता संपलं. पण न्यायाधीशबाईंनी पुढे विचारलं, "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी माझा हात त्याने काचेत दाबला होता. ह्या बाईने मारलं नसतं, तर काढला नसता. आणि काढला तरी मी त्या घरातून निघाले नसते."

निकालात मला दोषी धरलं, पण समोर जे घडत होतं त्याने हात उगारला गेला असं मानलं. कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा आणि दंड. माझ्याबरोबर आरोपी केलेला हुसेनभाई सुटला. त्याने नंतर स्वतःचा टेंपो घेतला, अजून चालवतो. मोहोळकरवर वहिनींनी केलेली केस बरीच वर्षं रखडली. मग त्याला सहा महिन्यांची सजा झाली, त्यातली थोडीच त्याने भोगली. आता दुसऱ्या गावात त्याचं दुकान आहे म्हणतात.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी कोर्ट उठलं तेव्हा वहिनी बाहेर लिंबाखाली थांबल्या होत्या. मला वाटलं नव्हतं त्या थांबतील. आम्ही दोघी चालत स्टँडवर गेलो. मी दोन चहा घेतले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, एका हाताची बोटं नीट वळत नव्हती.

मी म्हटलं, "वहिनी, मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"ताई, तुम्ही पिंजऱ्यात अकरा म्हणालात, असं वकिलांकडून कळलं."

"हो. मी मोजलंय."

"तेरा," त्या म्हणाल्या. रागाने नाही, चूक दुरुस्त करावी तसं.

तासगावची गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीपाशी जागा मिळाली, त्यांनी तिकिटासाठी पर्स उघडली. गाडी गेल्यावर मी तिथेच बाकावर बसले आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागले. स्कूटर पुसताना एक. कपबशीतला चहा प्यायले तेव्हा दुसरा. दुकानातला धरला. घरी पोचेपर्यंत मोजत होते. अकराच्या पुढे जाता येईना.

ते दोन दिवस मला अजून आठवत नाहीत.